लिफ्ट केलेली पिकअप तरंगते, ब्रेकला डावीकडे ओढते: आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. गाडी जुनी घेतलेली इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप. आधीच्या मालकाने ती पुढून-मागून तीन इंच उचलली आणि मूळच्या २५५/६५ आर१७ च्या जागी २८५/७० आर१७ चे मड टायर बसवले. हायवेला ऐंशीच्या पुढे गाडी तरंगते, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि गाडी डावीकडे ओढते. पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना पॅडल मऊ पडलं, जळका वास आला. अलाइनमेंट झाली, पुढचे डिस्क पॅड नवे पडले, फरक काहीच नाही. आता स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायचा सल्ला मिळालाय आणि तुम्ही विचारताय, बदलू का?

आत्ता बदलू नका. रॅक खराब असेलही, पण त्याच्यावर पैसे घालायची वेळ अजून आलेली नाही.

शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की हौद्यात युरियाची दहा-बारा पोती असली की गाडी बरी चालते. अख्ख्या प्रश्नात मला हेच वाक्य सगळ्यात कामाचं वाटलं. ४५ किलोचं एक पोतं धरलं तर तो साडेचारशे ते साडेपाचशे किलोचा माल झाला. झिजलेला रॅक किंवा ढिला टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक) माल भरल्याने सुधारत नाही. मालाने दोनच गोष्टी होतात: गाडीची मागची बाजू खाली बसते आणि मागच्या चाकांवर वजन येतं. यातल्या पहिल्या गोष्टीने तुमचं तरंगणं कमी होतं आणि दुसरीने ब्रेक सुधारतो. म्हणजे रिकामी असताना गाडी मागून गरजेपेक्षा उंच आणि ताठ आहे, आणि मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत, असा माझा पहिला अंदाज.

गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे बरंचसं ती कशी उचलली यावर अवलंबून आहे. पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर गुटका, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, ठेवला आहे की स्प्रिंग-शॉकअपचा पूर्ण संच बदलला आहे? मागे अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या (मागच्या पानांच्या स्प्रिंगच्या) मध्ये गुटका आहे, पाट्याचं टोक चेसिसला धरणारे शॅकल लांब केले आहेत, की पाट्यात जाड पान वाढवलं आहे? तीन इंच म्हणजे तीन इंच असं नसतं. या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आहे, तिथे स्ट्रटवर एक इंचाचा गुटका ठेवला की चाकापाशी दोन इंचांच्या आसपास उंची वाढते. पुष्कळांना हे माहीत नसतं, त्यामुळे ‘दोन इंची’ म्हणून घातलेली किट चार इंचाचं काम करून बसते.

म्हणून आधी टेप घेऊन मोजा. सपाट जागा, हौदा रिकामा, टायरमध्ये नेहमीची हवा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना घ्या. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरचा आकार मिसळतो. मग तुमच्याच वर्षाची, न उचललेली गाडी शोधून तिची मापं घ्या. वजाबाकी आली की खरी लिफ्ट किती, पुढे किती, मागे किती आणि डावी-उजवीत फरक किती, ते कळतं.

आता ब्रेक. तरंगणं त्रासाचं आहे, पण घाटात मऊ पडलेलं पॅडल जिवावरचं आहे. ते सुटेपर्यंत कुंभार्ली उतरू नका, माल भरून तर नाहीच.

घाटात ब्रेक जातो तेव्हा पॅडल कसं लागलं हे आठवा. पॅडल कडक राहिलं पण गाडी थांबेना, तर पुढच्या डिस्कचे पॅड आणि मागच्या ड्रमचे लायनर तापून पकड सुटलेली असते. पॅडल मऊ होऊन खाली गेलं, तर ऑइल उकळलेलं असतं. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ ग्रेडचं किमान प्रमाण नव्या ऑइलला २०५ अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू असं आहे. पाणी शोषलेल्या ऑइलला ते १४० वर येतं. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो. नवे पॅड घातले पण ऑइल जुनंच ठेवलं असेल तर हा त्रास जागचा हलणार नाही. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, नवं सीलबंद डब्यातलं ऑइल घेऊन चारही चाकांतून पूर्ण बदलून घ्या, नुसतं वरून भरून नाही. दर दोन वर्षांनी बदलणं हा साधा नियम आहे, कोकणातल्या दमट हवेत वरचेवर ये-जा असणाऱ्यांनी तर पाळावाच.

पण ऑइल एवढं तापलं का? इथे लिफ्ट आणि टायर दोन्ही येतात. जुन्या टायरचा व्यास सुमारे ७६३ मिमी, नव्याचा ८३१. म्हणजे जवळजवळ नऊ टक्के मोठा. त्याचे तीन परिणाम एकदम होतात. तेवढाच ब्रेक लावायला डिस्कला नऊ टक्के जास्त जोर लागतो. ज्या गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवत होतं, तो गिअर आता नऊ टक्के कमी धरतो, म्हणून उतारावर पाय ब्रेकवर जास्त जातो. आणि मीटरवर ८० दिसतात तेव्हा प्रत्यक्ष वेग ८७ च्या घरात असू शकतो (कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे खरा फरक जरा कमी पडेल). वेग नऊ टक्के वाढला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा अठरा टक्क्यांनी वाढते. यातला कुठलाही परिणाम एकटा गाडी उलटवणार नाही, पण लांब घाटात हे सगळं पुढच्या दोन डिस्कवर साचत जातं.

वजनाचाही हिशेब करून बघितला. तुमच्या गाडीचा व्हीलबेस ३०९५ मिमी, वजन साधारण दोन टन. गुरुत्वमध्य मुळात ७० सेमीवर आणि लिफ्ट-टायर मिळून दहाएक सेमी वर गेला असं धरलं, तर जोरात ब्रेक मारताना मागून पुढे सरकणारं वजन सुमारे ३१५ किलोंवरून ३६० किलोंपर्यंत जातं. चाळीस-पंचेचाळीस किलोंचा फरक. तो जाणवतो, पण त्याने गाडी एवढी नाकावर पडत नाही. म्हणून मला मागच्या ड्रमवर संशय आहे: ते मुळात काम करत आहेत का?

ड्रमची तपासणी रिकाम्या मैदानात सुरू होते. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून सरळ, अगदी कमी वेगात हँडब्रेक ओढा आणि बटण दाबून धरा, म्हणजे लगेच सोडता येईल. दोन्ही मागची चाकं सारखी धरतात का, की एकच धरतं? मग गाडी उभी करून पॅडल दोनदा लागोपाठ दाबा. दुसऱ्यांदा पॅडल बरंच वर राहत असेल, तर ड्रम आणि लायनरमधलं अंतर वाढलेलं आहे, अ‍ॅडजस्टर चिखलाने जाम असणार. कितीही दाबलं तरी स्पंजासारखंच लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. आणि इंजिन चालू ठेवून पॅडल धरून ठेवल्यावर ते हळूहळू बुडत असेल, तर बाहेर कुठे गळती आहे का पाहा. नसेल तर मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतून सोडतोय.

मग ड्रम उघडा. नदी-नाल्यातून जाणाऱ्या गाडीत आत वाळलेल्या गाळाची पेस्ट मिळते, ती ब्रशने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. लायनरवर काचेसारखी चकाकी आहे का बघा. आणि ड्रमच्या आतल्या कडेला, हबच्या खालच्या अंगाला तेलाचा ओला काळा पट्टा आहे का बघा. असला तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळतंय. नवं सील लगेच घालू नका, आधी मागच्या डिफरन्शियलचा (दोन मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा) ब्रीदर पाइप, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, बघा. गाडी उचलताना तो वाढवायला लोक विसरतात. तो ताणला जातो, निसटतो किंवा चिखलाने बुजतो. घाटात डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नसली की तेलाला सीलमधून ढकलते. ब्रीदर तसाच ठेवून घातलेलं नवं सीलही पुन्हा गळतं. तेल प्यालेला लायनर धुऊन, तापवून वापरायचा उद्योग करू नका, दोन्ही बाजूंचे बदला.

डावीकडे ओढण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडी त्या बाजूला ओढते जिकडचा ब्रेक जास्त लागतो. त्यामुळे डावीकडे ओढत असेल तर बहुतेक वेळा दोष उजव्या चाकात असतो, तिकडचा ब्रेक कमी लागतो म्हणून. तापमान दाखवणारी बंदूक मिळते, ती फारशी महाग नाही. आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखे ब्रेक मारत गाडी चालवा, थांबा आणि लगेच चारही चाकांची डिस्क-ड्रम मोजा. उजवी पुढची डिस्क डावीपेक्षा स्पष्ट थंड निघाली तर उजव्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन काढा, त्या कोरड्या किंवा गंजलेल्या असतील. उलट डावी फारच तापलेली असेल, आणि पाय काढल्यावरही चाक हाताने जड फिरत असेल, तर डाव्या बाजूला ब्रेक सुटत नाहीये. दोन्ही सारखीच निघाली तर मग सस्पेन्शनकडे वळायचं, त्याचं खाली लिहिलंय.

लिफ्ट गाडीत ब्रेकच्या रबरी होज पाइपवर माझी नजर आधी जाते. गाडी जॅकवर घेऊन चेसिसखाली स्टँड लावा, चाक मोकळं लोंबू द्या, आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. होज ताठ होता कामा नये. त्याच्या अंगावर लांबीने छापलेली रेघ किंवा अक्षरं असतात, ती सरळ दिसायला हवीत. वळसे घेत गेलेली दिसली तर होज पिळलेला आहे. लोखंडी टोपीपाशी, जिथे रबर सुरू होतं, तिथे बोटाने जरा वाकवून बारीक भेगा शोधा. होज आतून फुगून बुजला तर बाहेरून चांगला दिसतो, पण ऑइलला परत येऊ देत नाही. एबीएसच्या वायरी आणि त्यांचे क्लिपही याच वेळी बघून घ्या. होज कमी पडत असेल तर वाढीव लांबीचा, प्रमाणित होज घ्या किंवा त्याचा ब्रॅकेट खाली आणा. जोड देऊन लांब करू देऊ नका.

ज्यांच्या पिकअपला मागे वजन ओळखणारा व्हॉल्व्ह आहे, एलएसपीव्ही म्हणतात तो, त्यांनी एक जास्तीची गोष्ट बघायची. चेसिस आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर वाढलं की तो व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी करतो. लिफ्ट केल्यावर त्याचा दांडा नव्याने सेट करावा लागतो.

आता तरंगणं. इथे कॅस्टर समजून घ्या. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडला तरी चाक सरळ राहतं. तुमच्या पुढच्या चाकांचा आधारही वरून तसाच जरा मागे कललेला असतो, तो कल म्हणजे कॅस्टर. अशा पिकअपांत तो साधारण दोन ते चार अंश असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. पुढून गाडी उचलली की विशबोनचे कोन बदलतात आणि हा कल कमी होतो. मागून जास्त उचलली की अख्खी चेसिस पुढे झुकते, आणि कल आणखी कमी होतो. ३०९५ मिमी व्हीलबेसवर मागची बाजू एक इंच जास्त वर गेली की जवळजवळ अर्धा अंश कॅस्टर जातो. मुळात तीन असलेल्यातून लिफ्टने एक-दीड खाल्ला आणि मागच्या उंचीने आणखी एक, तर उरलं काय? स्टिअरिंग सरळ यायचं विसरतं. युरियाची पोती मागची बाजू खाली बसवतात तेव्हा हाच कल परत मिळतो.

अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही याचं आश्चर्य नाही. बऱ्याच ठिकाणी फक्त टो (वरून पाहता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत ते) सेट करून देतात. पुढच्या वेळी आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागा, त्यात कॅस्टर, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल), टो तिन्ही दोन्ही बाजूंचे असले पाहिजेत. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर ब्रेक नसतानाही गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला जाईल. मूळ अ‍ॅडजस्टमेंट संपली असेल आणि कॅस्टर तरीही येत नसेल, तर दोनच मार्ग आहेत: वरचे कंट्रोल आर्म लिफ्टसाठी बनवलेले घ्या, किंवा लिफ्ट कमी करा. तिसरा नाही.

ब्रेक मारतानाच ओढत असेल आणि चारही चाकांचं तापमान ठीक असेल, तर खालच्या आर्मचे बुश (रबरी जोड) बघायचे. मागच्या चाकांना दगड लावा. मदतनीसाला ब्रेक दाबून गाडी हलकेच पुढे-मागे रेटायला सांगा आणि तुम्ही बाजूला, चाकाच्या वाटेत न येता बुशकडे बघा. फाटलेल्या बुशमध्ये आर्म सरकतो, चाक मागे जातं आणि टो बदलतो. लिफ्ट गाडीत बुश लवकर फाटायचं एक नेहमीचं कारण असतं. गाडी हवेत असतानाच आर्मचे बोल्ट आवळून टाकतात. रबर त्याच लोंबत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दाबून बसवायची, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते झालंय असं गृहीत धरू नका.

टाय रॉडचाही कोन बघा. समोरून पाहिलं तर तो जवळपास आडवा असावा. लिफ्टने तो बाहेरच्या टोकाकडे खूप उतरता झाला असेल, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळते. ब्रेकला नाक खाली जातं तेव्हाही हेच होतं.

(पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या जिप्सी किंवा जुन्या एमएम ५४० वाल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर देतात आणि ड्रॅग लिंकचा कोन बघतात.)

सगळ्यात स्वस्त परीक्षा मी ब्रेकचं काम झालं की आधी करतो: मूळ मापाची चार चाकं. मित्राची, गॅरेजची, कुणाचीही मागून आणा, योग्य हवा भरा, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगात चालवा. गाडी निम्म्याहून अधिक सुधारली तर दोष टायर-रिममध्ये आहे. मड टायरचे मोठे ठोकळे वेगात लवचतात, ओल्या डांबरावर पकड कमी देतात. बाहेर निघालेल्या रिम किंवा स्पेसर असतील तर चाक वळण्याच्या अक्षापासून लांब जातं, आणि डाव्या-उजव्या ब्रेकमधला छोटासा फरकही स्टिअरिंगला ओढायला लागतो. चाकं बदलूनही काहीच फरक नाही, तर टायरवर पैसे घालू नका, कोन आणि बुश बघा.

माझ्याकडे ही गाडी आली असती तर क्रम असा लावला असता: मापं, ऑइल, ड्रम, होज आणि कॅलिपर, मग उधारीची चाकं, मग बुश आणि बॉल जॉइंट, सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. रॅकचा नंबर त्यानंतर, तोही गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडं हलवल्यावर रॅकच्या टोकाशी ढिलेपणा (प्ले) दिसला तरच.

आणि स्पष्ट मत विचाराल तर लिफ्ट कमी करा. शेती, घाट आणि हायवे हे तुमचं रोजचं काम. पुढे दीड ते दोन इंच, मागे त्याच हिशेबाने, अ‍ॅक्सलवरचा गुटका काढून तुमच्या मालाच्या वजनाला जुळणारे पाटे, आणि २६५/६५ आर१७ चे ऑल टेरेन टायर. त्यांचा व्यास ७७६ मिमी, मूळ टायरपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के मोठा. मागचा गुटका मला विशेष खटकतो. ब्रेक मारताना आणि वेग घेताना, दोन्ही वेळी अ‍ॅक्सल पाट्याला पिळतो, आणि गुटक्याने तो पीळ वाढतो. कायद्याचाही मुद्दा आहे: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट याच लिफ्टवर ठेवू शकते.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण यू बोल्ट (पाटे आवळून धरणारे) काढले असतील तर नवेच घालायला सांगा. चाकांचे नट शंभरेक किलोमीटरनंतर आणि यू बोल्ट पाचशेच्या आत पुन्हा टॉर्कला आवळून घ्या, पाटे बसायला तेवढा वेळ घेतात. चारही चाकांची मापं, मागच्या पाट्यांचा बाजूने काढलेला फोटो, अलाइनमेंटचा प्रिंट आणि ब्रेकची तापमानं इथेच टाका. कॅस्टर किती परत मिळवता येईल आणि नवे आर्म लागतील की नुसतं मागून खाली आणून भागेल, ते त्यावरून सांगता येईल.